शहरातील क्षयरोगाचे दोन नकाशे : जोखीम आणि उपचारांची फलनिष्पत्ती

भारतात दर लाख लोकसंख्येमागे नव्याने क्षयरोग होणाऱ्यांचे प्रमाण २०१५ मध्ये २३७ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार ते २०२४ मध्ये १८७ पर्यंत खाली आले, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी घटले. ही घट निश्चितच मोलाची आहे. मात्र शाश्वत विकास उद्दिष्टांतील ३.३ या लक्ष्याशी निगडित असलेली ८० टक्के घटीची अपेक्षा भारताने २०३० ऐवजी २०२५ मध्येच पूर्ण करण्याचे ठरविले होते. त्या तुलनेत गाठलेला पल्ला अपुरा आहे, आणि जगातील सुमारे एक चतुर्थांश नवे क्षयरुग्ण आजही भारतातच आढळतात.

देशाच्या सरासरीमागे मोठी विषमता दडलेली असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमाण दर लाखामागे ३१६ आढळले. दिल्लीत ते ५३४ होते, तर केरळात ११५. राज्याराज्यांतील हा फरक अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्या मानाने एकाच शहरातील दोन प्रभागांत, किंबहुना एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असलेल्या वस्त्यांत आढळणारा फरक दुर्लक्षित राहतो. महानगरपालिकेचा डॉक्टर, क्ष-किरण यंत्र, आरोग्यसेविका आणि निधी प्रत्यक्षात कोठे पाठवायचा, हा निर्णय मात्र याच पातळीवर घ्यावा लागतो. त्यासाठी शहराचा क्षयरोगविषयक नकाशा आवश्यक ठरतो. असा नकाशा एक नसून दोन असतात, आणि या दोहोंची गल्लत झाल्यास साधने चुकीच्या ठिकाणी खर्च होतात. त्याची किंमत रुग्णांना प्राणांनी मोजावी लागते.

नकाशाची जुनी परंपरा

रोगाचा नकाशा काढण्याची कल्पना नवी नाही. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलराची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर दाखवून ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे लक्ष वेधले. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाच्या जिवाणूचा शोध जाहीर केल्यानंतर क्षय हा आनुवंशिक शाप नसून संसर्गजन्य रोग आहे, हे सिद्ध झाले. पुढे न्यूयॉर्क शहरात डॉ. हर्मन बिग्ज यांच्या पुढाकाराने क्षयरुग्णांची नोंदणी सुरू झाली आणि रुग्ण आढळलेली घरे नकाशांवर दाखविली जाऊ लागली.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीवाटीच्या भागांत समुद्राचा वारा खेळावा, या हेतूने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते काढण्यात आले. हवा, प्रकाश आणि आरोग्य यांचा संबंध तेव्हाच्या नगररचनाकारांनी ओळखला होता. परंतु पाडलेल्या घरांतील गरिबांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या वेळीही पुरेसा सुटला नव्हता आणि आजही तो पुन्हा समोर येतो.

जोखीम एका ठिकाणी का साचते?

क्षयरोगाचा जिवाणू हवेतून पसरतो. रुग्ण खोकल्यावर बाहेर पडणारे सूक्ष्म कण कोंदट खोलीत बराच काळ तरंगत राहतात. मोकळ्या हवेत ते विरून जातात आणि सूर्यप्रकाशात जिवाणू नष्ट होतात. मात्र संसर्ग झालेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. सर्वसाधारणपणे संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, धूम्रपान आणि मद्यपान यांमुळे ही शक्यता वाढते. म्हणजेच जोखमीचे दोन टप्पे आहेत : संसर्ग होणे आणि संसर्गाचे रोगात रूपांतर होणे. पहिल्याचा संबंध प्रामुख्याने घर, कामाची जागा आणि गर्दी यांच्याशी, तर दुसऱ्याचा आहार आणि शरीरप्रकृती यांच्याशी आहे. शहरातील गरीब वस्त्यांत हे दोन्ही घटक एकत्र येतात.

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. गोवंडी, देवनार, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांचा समावेश असलेल्या एम पूर्व प्रभागाची लोकसंख्या त्या वेळी आठ लाखांच्या घरात होती. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. शहराने नको असलेल्या अनेक गोष्टी याच भागाकडे ढकलल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व प्रभागांमध्ये एम पूर्वचा निर्देशांक सर्वांत खाली होता.

याच प्रभागातील तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास विशेष उद्बोधक आहे. लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी अशा या तीन वसाहती. झोपडीतून पक्क्या इमारतीत आलेल्या कुटुंबांचे आरोग्य सुधारेल, अशी सर्वसामान्य अपेक्षा असते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्या अभ्यासकांना मात्र पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचा भार पीएमजी कॉलनीपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आढळला. लल्लुभाई आणि नटवर पारेख वसाहतींतील इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवरील घरांत सूर्यप्रकाश आणि वारा पुरेसा पोहोचतच नाही. तिन्ही वसाहती एकाच प्रभागातील असल्याने प्रभागाच्या सरासरीत हा फरक पूर्णपणे लुप्त होतो. तो दिसण्यासाठी नकाशा वसाहतीपर्यंत, इमारतीपर्यंत, प्रसंगी मजल्यापर्यंत न्यावा लागतो. भिंती पक्क्या असणे आणि घर आरोग्यदायी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा गृहनिर्माण धोरणासाठीही महत्त्वाचा आहे.

जोखमीचा नकाशा : अंश, छेद आणि पत्ता

कोणत्याही दराला अंश आणि छेद असतो. येथे अंश म्हणजे रुग्णसंख्या आणि छेद म्हणजे लोकसंख्या. केवळ रुग्णांचे ठिपके मांडल्यास जेथे माणसे जास्त तेथे ठिपके जास्त दिसतात. त्यातून जोखीम समजत नाही. शिवाय रुग्णाची नोंद कोणत्या पत्त्यावर झाली, यावर नकाशाचे स्वरूप पालटते. पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

एका शहरात तीन प्रभाग आहेत, असे समजू. ‘अ’ प्रभागाची लोकसंख्या ८ लाख, ‘ब’ची २ लाख आणि ‘क’ची ४ लाख. ‘क’ प्रभागात मोठे शासकीय रुग्णालय आहे. वर्षभरात शहरात ३,३०० क्षयरुग्णांची नोंद झाली. नोंदणी करणाऱ्या रुग्णालयाच्या ठिकाणानुसार ‘अ’मध्ये १,४००, ‘ब’मध्ये ४०० आणि ‘क’मध्ये १,५०० रुग्ण दिसतात. दर लाखामागे हे प्रमाण अनुक्रमे १७५, २०० आणि ३७५ इतके येते. नकाशावर ‘क’ प्रभाग सर्वांत गडद दिसेल.

आता हेच ३,३०० रुग्ण त्यांच्या राहत्या पत्त्यानुसार मांडू. ‘अ’मध्ये २,४००, ‘ब’मध्ये ५०० आणि ‘क’मध्ये ४०० रुग्ण राहतात. दर लाखामागे प्रमाण ३००, २५० आणि १०० असे होते. सर्वांत गडद वाटणारा ‘क’ प्रभाग प्रत्यक्षात सर्वांत फिकट ठरतो. तेथील रुग्णालयात शहरभरातून लोक येत असल्याने पहिला नकाशा रोगाचा नव्हे, तर रुग्णालयाचा नकाशा होता. त्यावर विसंबून ‘क’ प्रभागात घरोघरी शोधमोहीम राबविल्यास बराचसा खर्च वाया जाईल.

राहत्या पत्त्याची नोंदही वाटते तितकी सोपी नाही. भाड्याने राहणारा कामगार वर्षातून दोनदा खोली बदलतो. काही रुग्ण बदनामीच्या भीतीने खरा पत्ता देत नाहीत, तर काही जण उपचार सहज मिळावेत म्हणून नातेवाइकांचा पत्ता देतात. झोपडपट्टीतील घरांना अनेकदा सर्वमान्य क्रमांक नसतो. मशिदीमागे, नाल्याकाठी, अमुक दुकानाच्या गल्लीत अशाच खुणांवर काम चालते. संगणकीय नकाशा याच दुव्यावर कच्चा राहतो. वस्तीतील गल्ली न् गल्ली ओळखणाऱ्या आशा सेविका आणि आरोग्यसेविका यांचे ज्ञान म्हणूनच तंत्रज्ञानाइतकेच मोलाचे ठरते.

फिकट भाग सुरक्षित असतो का?

नोंद झालेले रुग्ण आणि प्रत्यक्ष रुग्ण यांत अंतर असते. ज्या वस्तीत तपासणीच होत नाही, तेथे रुग्ण सापडत नाहीत आणि नकाशावर ती वस्ती निर्धोक भासते. राष्ट्रीय सर्वेक्षणात क्षयरोगाची लक्षणे असलेल्यांपैकी ६३.६ टक्के लोकांनी उपचारांसाठी कोठेही धाव घेतली नव्हती. तसेच छातीचा क्ष-किरण काढला नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण निदानाविना राहिले असते. कारण त्यांच्यात विचारून कळावीत अशी ठळक लक्षणे नव्हती. रोजंदारीवरील माणूस खोकल्यासाठी कामाचा खाडा करीत नाही, आणि घरातील स्त्री स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी मोजते.

खासगी क्षेत्राचाही येथे विचार करावा लागतो. शहरात प्रथम उपचार बहुधा गल्लीतील खासगी डॉक्टरकडे किंवा औषधाच्या दुकानात घेतले जातात. केंद्र शासनाने २०१२ मध्ये क्षयरुग्णांची नोंद कळविणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. त्यानंतर नोंदीत मोठी वाढ झाली. अशा वेळी आकडा वाढला म्हणून रोग वाढला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. पूर्वी अंधारात असलेले रुग्ण उजेडात आले, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

यावर उपाय म्हणून रुग्णसंख्येसोबत आणखी दोन आकडे पाहावे लागतात : दर लाख लोकसंख्येमागे किती संशयितांची तपासणी झाली आणि तपासलेल्यांपैकी किती जण बाधित निघाले. तपासण्या कमी आणि बाधितांचे प्रमाण जास्त असेल, तर त्या वस्तीत बरेच रुग्ण अद्याप सापडलेले नाहीत, असे मानण्यास आधार मिळतो. तपासण्या भरपूर आणि बाधित थोडे असतील, तरच फिकट रंगावर विश्वास ठेवता येतो.

दुसरा नकाशा : उपचारांची फलनिष्पत्ती

रुग्ण सापडणे ही केवळ सुरुवात होय. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचे उपचार साधारणतः सहा महिने चालतात. अखेरीस प्रत्येक रुग्णाची नोंद ठरावीक वर्गांत होते : बरा झाला, उपचार पूर्ण केले, उपचार निष्फळ ठरले, पाठपुराव्यातून सुटला, मृत्यू पावला किंवा मूल्यमापन झाले नाही. पहिल्या दोन वर्गांची बेरीज म्हणजे यशस्वी उपचार. राष्ट्रीय पातळीवर हे प्रमाण अलीकडच्या वर्षांत ८५ टक्क्यांहून अधिक आहे. परंतु येथेही सरासरी फसवी ठरू शकते.

वरील उदाहरण पुढे नेऊ. ‘अ’ प्रभागातील २,४०० रुग्णांपैकी २,१६० जणांचे उपचार यशस्वी झाले, म्हणजे ९० टक्के. ‘ब’मध्ये ५०० पैकी ३५०, म्हणजे ७० टक्के आणि ‘क’मध्ये ४०० पैकी ३४०, म्हणजे ८५ टक्के. संपूर्ण शहराचे प्रमाण सुमारे ८६ टक्के येते आणि ते समाधानकारक भासते. मात्र ‘ब’ प्रभागात दर दहा रुग्णांमागे तीन जणांचे उपचार यशस्वी झाले नाहीत. जोखमीच्या नकाशावर ‘अ’ सर्वांत गडद होता. फलनिष्पत्तीच्या नकाशावर ‘ब’ सर्वांत गडद आहे.

जोखीम आणि अपयश यांची ठिकाणे वेगळी असू शकतात, याचा भक्कम पुरावा भारतातच मिळाला. १९५६ मध्ये तत्कालीन मद्रास येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास राज्य शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने क्षयरोग केमोथेरपी केंद्र स्थापन झाले. चेन्नईतील आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तेथे १९३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला आरोग्यधामात ठेवून, तर दुसऱ्याला शहरातील स्वतःच्या घरी ठेवून एक वर्ष औषधे देण्यात आली. घरे दाटीवाटीची आणि आहार तुटपुंजा असूनही घरी उपचार घेतलेल्यांचे निष्कर्ष आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीचे आले. त्यांच्या सहवासितांना अधिक धोका झाल्याचेही आढळले नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरातील क्षयरोग धोरण बदलले. वस्ती गरीब असली तरी औषधे नियमित मिळाल्यास रुग्ण बरा होतो, हे त्यातून दिसून आले. त्यामुळे एखाद्या भागात उपचार वारंवार फसत असतील, तर दोष वस्तीच्या माथी मारण्यापूर्वी सेवेची साखळी तपासणे आवश्यक ठरते.

ही साखळी कोठे तुटते, याचा देशव्यापी अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. २०१३ मधील स्थितीवर आधारित या अंदाजानुसार देशातील सुमारे २७ लाख क्षयरुग्णांपैकी साधारण ३९ टक्केच रुग्ण शासकीय कार्यक्रमात उपचार पूर्ण करून पुढील वर्षभर रोगमुक्त राहू शकले. काही रुग्ण तपासणी केंद्रापर्यंत पोहोचलेच नाहीत. काहींचे निदान झाले, पण उपचार सुरू झाले नाहीत. काहींनी उपचार अर्धवट सोडले. निदान होऊनही उपचार सुरू न झालेला रुग्ण फलनिष्पत्तीच्या टक्केवारीत येतच नाही, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. मोठ्या रुग्णालयात तपासणी करून निघून गेलेला आणि दूरध्वनी क्रमांक नोंदला न गेलेला रुग्ण असाच हरवतो. ‘ब’ प्रभागाचे ७० टक्के यशही त्यामुळे प्रत्यक्षाहून अधिक वाटू शकते.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाने हा प्रश्न अधिक गंभीर केला आहे. मुंबईतील एका खासगी रुग्णालयातील डॉक्टरांनी जवळपास कोणत्याही औषधाला दाद न देणारे रुग्ण आढळल्याचे २०११ च्या अखेरीस नोंदविले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. अर्धवट आणि चुकीचे उपचार हे अशा प्रतिरोधाचे प्रमुख कारण असते. एकदा असे जिवाणू तयार झाले की ते थेट इतरांना संक्रमित होतात. म्हणजेच आज जो भाग फलनिष्पत्तीच्या नकाशावर गडद आहे, तो उद्या जोखमीच्या नकाशावरही गडद होतो, आणि तोही अधिक घातक स्वरूपात.

दोन नकाशे एकत्र वाचताना

दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले असता शहराचे चार प्रकारचे भाग समोर येतात आणि प्रत्येकासाठी उपाय वेगळा ठरतो.

पहिला, जोखीम अधिक व फलनिष्पत्ती चांगली. येथे उपचारयंत्रणा चांगली चालते, पण नवे रुग्ण येतच राहतात. शोधमोहिमा, सहवासितांना प्रतिबंधक उपचार, पोषण आणि मुख्यतः घरांतील हवा व प्रकाश यांवर भर हवा. झारखंडमध्ये २०१९ पासून झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले.

दुसरा, जोखीम कमी पण फलनिष्पत्ती वाईट. येथे रुग्ण थोडे असल्याने कोणाचे लक्ष जात नाही. बांधकाम कामगार, घरकाम करणारे, दुकानांत झोपणारे स्थलांतरित अशा विखुरलेल्या गटांचा येथे शोध घ्यावा लागतो. गावी परतणाऱ्या रुग्णाची औषधे त्याच्यासोबत दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचणे, केंद्राच्या वेळा कामगारांच्या सोयीच्या असणे, खासगी डॉक्टरांशी समन्वय, हे येथील उपाय होत.

तिसरा, दोन्ही बाबतींत वाईट. येथे मनुष्यबळ आणि निधी यांचा पहिला हक्क असावा. गंभीर रुग्ण निदानाच्या दिवशीच ओळखणे या भागात विशेष उपयुक्त ठरते. तामिळनाडूने २०२२ मध्ये सुरू केलेल्या क्षयमृत्यूमुक्ती योजनेत अतिकुपोषण, श्वसनाचा वेग, रक्तातील प्राणवायू, पायांवरील सूज, आधाराशिवाय उभे राहण्याची क्षमता अशा साध्या निकषांवर रुग्णाची वर्गवारी करून गंभीर रुग्णांना तातडीने दाखल केले जाते.

चौथा, दोन्ही बाबतींत चांगला. येथे नित्याची सेवा पुरेशी ठरते. मात्र तपासण्यांचे प्रमाण पाहूनच तसा निर्णय घ्यावा.

अर्थशास्त्रीय बाजू

क्षयरोगाचे उपचार केवळ रुग्णाच्या हिताचे नसतात. एक रुग्ण बरा झाल्याने त्याच्या शेजाऱ्याचा, सहकाऱ्याचा धोका टळतो. यालाच अर्थशास्त्रात बाह्य लाभ म्हणतात. असा लाभ बाजारातील किमतीत प्रतिबिंबित होत नसल्याने उपचारांचा खर्च शासनाने उचलणे तर्कसंगत ठरते. तरीही औषधे मोफत असली, तरी रोग मोफत नसतो. बुडालेली मजुरी, प्रवासखर्च, निदानापूर्वी खासगी तपासण्यांवर झालेला खर्च हा बोजा कुटुंबावर पडतो. क्षयरोगामुळे झालेला एकूण खर्च कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक असल्यास जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘विनाशकारी खर्च’ मानते. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेअंतर्गत रुग्णाला दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळू लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली.

साधनांच्या वाटपातही एक पेच आहे. आपल्या उदाहरणात उपचार यशस्वी न झालेले सर्वाधिक रुग्ण, म्हणजे २४०, ‘अ’ प्रभागात आहेत; ‘ब’मध्ये १५० आहेत. पण दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण ‘अ’मध्ये ३०, तर ‘ब’मध्ये ७५ येते. संख्या पाहून निधी द्यावा की दर पाहून? एकूण भार कमी करायचा असेल तर ‘अ’कडे, विषमता कमी करायची असेल तर ‘ब’कडे वळावे लागते. याचे उत्तर नकाशा देत नाही. ते लोकप्रतिनिधींनी आणि प्रशासनाने उघडपणे द्यायचे असते. नकाशामुळे एवढेच होते, की निवड झाकून ठेवता येत नाही.

नकाशाच्या मर्यादा

पहिली मर्यादा लहान संख्यांची आहे. २,००० लोकवस्तीच्या भागात एका वर्षी ३ आणि पुढील वर्षी ६ रुग्ण आढळले, तर दर लाखामागे १५० वरून ३०० वर जातो. हा बदल निव्वळ योगायोगाचा असू शकतो. म्हणून तीन-चार वर्षांची आकडेवारी एकत्र करणे, तसेच पुंजका खरा की योगायोगाचा हे सांख्यिकी कसोटीने तपासणे आवश्यक असते. मार्टिन कुलडॉर्फ यांनी १९९७ मध्ये मांडलेली अवकाशीय स्कॅन पद्धत यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

दुसरी मर्यादा सीमारेषांची. प्रभागाची हद्द प्रशासनाने आखलेली असते. ती बदलली की दरही बदलतो. तिसरी मर्यादा अनुमानाची. एखाद्या प्रभागात कुपोषण आणि क्षयरोग दोन्ही अधिक असले, म्हणून त्यातील प्रत्येक रुग्ण कुपोषित आहे, असे म्हणता येत नाही. चौथी मर्यादा अशी, की राहते घर हेच संसर्गाचे ठिकाण असते असे नाही. जरीकामाच्या कोंदट कारखान्यात दिवसाचे बारा तास काढणाऱ्या कारागिराला संसर्ग तेथेही होऊ शकतो.

सर्वांत संवेदनशील मुद्दा बदनामीचा आहे. एखादी इमारत ‘क्षयाची इमारत’ म्हणून ओळखली जाऊ लागली, तर तेथील तरुणांना नोकरी मिळणे, मुलींची लग्ने ठरणे, भाडेकरू मिळणे कठीण होते. मग लोक रोग लपवू लागतात आणि ज्या हेतूने नकाशा काढला, तोच फसतो. म्हणून घरपातळीवरील तपशील आरोग्ययंत्रणेपुरता मर्यादित राहणे आणि प्रसिद्धीसाठीचा नकाशा मोठ्या क्षेत्रांचाच असणे, हे पथ्य काटेकोरपणे पाळले पाहिजे.

समारोप

१९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम, १९९७ चा सुधारित कार्यक्रम, २००६ मध्ये पूर्ण झालेली त्याची देशव्यापी व्याप्ती आणि २०२० मध्ये ‘निर्मूलन कार्यक्रम’ असे झालेले नामांतर, या वाटचालीत औषधे, निदानाची साधने आणि नोंदप्रणाली यांत मोठी प्रगती झाली. यापुढील घट सरासरीच्या आधारे साधणे अवघड आहे. ती वस्ती, इमारत आणि कारखाना यांच्या पातळीवरच साधावी लागेल. जोखमीचा नकाशा घरे, आहार आणि कामाची जागा यांतील उणिवा दाखवितो. फलनिष्पत्तीचा नकाशा आरोग्यसेवेतील उणिवा दाखवितो. पहिल्याची जबाबदारी नगररचना, गृहनिर्माण, अन्नपुरवठा आणि कामगार विभागांवर येते. दुसऱ्याची आरोग्य विभागावर. दोन्ही नकाशे एकाच टेबलावर ठेवून हे सर्व विभाग जेव्हा एकत्र बसतील, तेव्हाच खालच्या मजल्यावरील अंधाऱ्या खोलीतील रुग्णाची नोंद होईल, त्याचे उपचार पूर्ण होतील आणि त्याच खोलीत पुढचा रुग्ण तयार होणार नाही.